सेल्युलाइट: तुम्ही काय केलंत, आणि त्याचा परिणाम किती टिकला?

मांड्यांवर आणि नितंबांवर पडणाऱ्या खळग्यांबद्दल बायका बोलल्याच तर अगदी हळू आवाजात बोलतात. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के स्त्रियांना ते कमी-जास्त असतात, तरी प्रत्येकीला वाटतं की हे आपल्यालाच आहे. म्हणून हा धागा. काय करून पाहिलंत, फरक पडला का आणि पडला तर किती टिकला, हे मोकळेपणाने लिहा. शेवटचा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण जाहिराती नेमका तोच गाळतात.

सुरुवातीला थोडं मूळ कारणाबद्दल. त्वचेला खालच्या थरांशी बांधून ठेवणारे तंतूंचे पट्टे असतात. बायकांमध्ये ते बहुतांशी उभे असतात, पुरुषांमध्ये तिरके आणि एकमेकांना छेदणारे. मधली चरबी वर सरकते आणि पट्टे त्वचा खाली ओढून धरतात. गादीला टाके घातल्यावर होतं तसं. त्यामुळे सडपातळ मुलींनाही सेल्युलाइट असतं. ‘शरीरात घाण साचल्यामुळे होतं’ असं सांगून कुणी काही विकत असेल, तर तिथून उठून या.

*

माझा अनुभव व्यायामाचा. नुसतं चालून काही बदललं नव्हतं. वजन घेऊन स्क्वॉट, लंज आणि डेडलिफ्ट सुरू केले. काही महिन्यांनी मांडीचा मागचा भाग भरीव झाला आणि त्वचा त्यावर जास्त सपाट बसायला लागली. खळगे गेले नाहीत, अजूनही बसल्यावर दिसतात, पण उभी असताना बरेच कमी दिसतात. मध्ये आजारपणात व्यायाम सुटला, तेव्हा परत दिसायला लागले. म्हणजे टिकतं, पण व्यायाम चालू असेपर्यंत.

*

माझं उलटं झालं. वजन झपाट्याने उतरलं, कपड्यांचा साइज कमी झाला, आणि मांड्यांवरचे खळगे पूर्वीपेक्षा उठून दिसायला लागले. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या की त्वचा सैल पडली की असं होऊ शकतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना कमी केल्याने फायदा होतोही, माझ्या बहिणीला झाला. पण सरसकट सगळ्यांना ‘बारीक हो, जाईल’ असं सांगू नये. मला त्या सल्ल्याने फार मनस्ताप दिला.

*

क्रीमबद्दल. कॅफिनवालं जेल लावलं की त्वचा थोडी ताणलेली वाटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. रोज लावायची तयारी असेल तरच घ्या. रेटिनॉलचं काम वेगळं आहे, ते हळूहळू त्वचा जाड करतं. ०.३ टक्के रेटिनॉल सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ लावावं लागतं, तेव्हा कुठे थोडा फरक. मला दिसला, नवऱ्याला दिसला नाही! सुरुवातीला लाली आणि कोरडेपणा येतो. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल अजिबात नको. मी त्याच कारणासाठी थांबवलं.

*

मशिनने मसाज: छान वाटतं, सूज उतरल्यासारखी वाटते, पण माझ्या बाबतीत परिणाम लवकरच ओसरला. कोरड्या ब्रशने घासणं: काहीही नाही.

*

मी सबसिजन करून घेतलं आहे, जरा सविस्तर लिहिते. आधी उभं करून, वरून प्रकाश पाडून एकेक खळगा पेनाने आखतात. आडवं झाल्यावर ते दिसतच नाहीत, म्हणून ही खूण फार महत्त्वाची. मग जागा बधिर करून त्वचेखाली सुई घालतात आणि ओढून धरणारा पट्टा कापतात. भुलेचं इंजेक्शन चांगलंच दुखलं, कापताना फक्त खेचल्यासारखं वाटलं. नंतर घट्ट पट्टा बांधायचा होता. बराच काळ सगळं काळं-निळं होतं, बसताना दुखायचं. ठळक, वेगवेगळे दिसणारे खळगे खरंच भरून आले आणि अजून तसेच आहेत. मांडीवरची एकूण लाटालाटांची त्वचा मात्र आहे तशीच राहिली. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून मी समाधानी आहे.

*

मी त्वचारोग विभागात काम करते. लायपोसक्शनने सेल्युलाइट जाईल या आशेने अनेकजणी येतात. चरबी काढली तरी पट्टे तिथेच राहतात, आणि खळगे जास्त दिसण्याचीही शक्यता असते. दुसरं म्हणजे, पट्ट्यांमधलं कोलॅजन विरघळवणाऱ्या ‘क्वो’ या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये मंजुरी दिली होती, फक्त नितंबांसाठी. खूप काळं-निळं पडणं आणि लांबत जाणारे डाग या कारणांनी कंपनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा नवं आहे म्हणून घाई करू नका.

*

माझं सेल्युलाइट नव्हतंच. दोन्ही पाय सारखेच जाड, दाबलं की दुखायचे, जरा धक्का लागला की डाग पडायचा, आणि पावलं मात्र बारीक. आईचेही पाय तसेच. कितीतरी वर्षं ‘मांड्यांवरची चरबी’ म्हणून उपाय केले. शेवटी एका डॉक्टरांनी लिपेडेमा हे नाव सांगितलं, म्हणजे पायांत चरबी साचण्याचा एक वेगळाच आजार. दुखत असेल तर कृपया आधी तपासून घ्या.

*

मी फक्त सेल्फ-टॅनर लावते. सावल्या कमी उठून दिसतात, रंग उतरला की संपलं. लग्न-समारंभापुरतं मला पुरेसं आहे.

*

सबसिजन केलेल्या ताईंना विचारायचं होतं: सावळ्या त्वचेवर डाग राहतात का?

*

राहू शकतात. माझी त्वचा सावळीच आहे. काळं-निळं गेल्यावर दोन ठिकाणी तपकिरी डाग राहिले होते, ते खूप सावकाश फिके झाले. सुई घातलेल्या जागी ऊन लागू देऊ नका, आणि आपल्यासारख्या त्वचेवर ज्यांनी हे काम केलं आहे अशाच डॉक्टरांकडे जा. त्यांच्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा, आणि दोन्हींत उभं राहण्याची पद्धत आणि प्रकाश सारखाच आहे ना, ते नीट पाहा.