मुंबईत पियानो कॉन्सर्ट, सीट कुठली घेऊ?

प्रश्न: राजे हो, विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला चाललो, एनसीपीएच्या सभागृहात ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराचा पियानो कॉन्चेर्टो (पियानो अन् ऑर्केस्ट्राची मोठी रचना) आहे, सोलोइस्ट म्हणजे मुख्य पियानोवादक पाहुणा. ऑर्केस्ट्रा पहिल्यांदाच समोर ऐकणार. सीट कुठली घेऊ अन् टाळ्या कधी वाजवायच्या?

उत्तर १: डावीकडची घे भाऊ, वाजवणाऱ्याचे हात तिकडूनच दिसतात. भाग तीन आहेत, मधे टाळ्या नाही, तिसरा संपला की मग मनसोक्त.

उत्तर २: उशिरा पोचू नको! आधी टिंपनी (मोठे नगारे) घुमत घुमत वाढते अन् एकदम पियानो वरच्या सुरांवरून धबधब्यासारखा खाली कोसळतो, मी नागपूरच्या देशपांडे सभागृहात वर्षानुवर्षं गाणं ऐकून राहिलो पण हा काटा वेगळाच. १८६८ चं काम, ग्रीग जेमतेम पंचविशीचा. पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबतो, पियानो एकटाच बोलतो, तेव्हा खोकूही नको.

प्रश्नकर्ता: डावीकडचीच काढली!