मदत हवी आहे: हळदीकुंकवात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल काय सांगावं?

वारज्यात घरकाम करणाऱ्या बायकांच्या बचतगटात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अर्धा तास मिळालाय. बायका ३५, वयं २२ ते ६०. तपासणी तिथंच हॉलमध्ये उरकता येईल का? आणि लस कोणाला सांगायची?

प्रतिसाद १
हॉलमध्ये नको, ताई. आडोसा, टेबल, चांगला उजेड, निर्जंतुक स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीमार्ग उघडा धरायचं साधन) आणि काही आढळलं तर पुढची सोय, एवढं सगळं लागतं. त्यापेक्षा दवाखान्याच्या तारखा आधी ठरवा, दुपारच्या घ्या, आणि वाण देतानाच नाव व तारीख लिहून घ्या. "नंतर कळवते" म्हणणारी बाई सहसा येत नाही.

तारीख पाळीच्या दिवसांत नको. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, आत ठेवायच्या गोळ्या-क्रीमही नकोत.

दवाखान्यात व्हीआयए करतात, म्हणजे औषध लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. ती नीट समजावून सांगा, भीती तिथंच असते. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरसारखंच. थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबून पांढरा डाग उठतो का ते बघतात. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, साध्या सुजेनंही उठतो. "पिशवी काढतील" या धास्तीनं बायका पुढच्या तपासणीला जात नाहीत, म्हणून हे दोनदा सांगा. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयात, दर ५ वर्षांनी. पाळी गेलेल्यांना मात्र पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर ज्यामुळे होतो तो विषाणू) चाचणी बरी, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो.

प्रतिसाद २
लस त्यांच्या मुलींसाठी सांगा. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्हीवरची लस २०२३पासून मिळते. ९ ते १४ वयात ६ महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. १५ ते २६ मध्ये तीन, दुसरा २ महिन्यांनी, तिसरा पहिल्यापासून ६ महिन्यांनी. लागण व्हायच्या आधी घेतली तरच पूर्ण फायदा. सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात. उरलेल्या प्रकारांसाठी लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच. पंचेचाळिशीच्या बाईनं पैसे लसीवर नव्हे, तपासणीवर घालावेत.

"वाईट चालीचा आजार" हा शब्द कुणी काढला तर तिथंच थांबवा. हा विषाणू सर्रास आढळतो, एकाच जोडीदाराकडूनही येतो आणि बहुतेकींचा दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तर कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात. तपासणीला वाव मिळतो तो याच काळात.

प्रतिसाद १
एक राहिलं. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, वास मारणारं पाणी: अशा बाईला तुमच्या तारखेसाठी थांबवू नका. तिला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा, आधीचा रिपोर्ट चांगला असला तरी.