हलक्या गाडीला जड सल्ले

तिरकी_चाल:
‘पहिली ट्रॅक गाडी’ (म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने पळवायची गाडी) या धाग्यावर एका सदस्याने नवख्याला सल्ला दिलाय: “ग्रिप कमी वाटतेय? एक नंबर रुंद टायर, दुप्पट कडक स्प्रिंग, पुढेमागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा). गाडी रुळावरून धावेल.” खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे चार ओळी लिहायला बसलो होतो, मावल्या नाहीत, म्हणून हा धागा.

अहो, ती गाडी ५५० किलोची आहे. दीड टनाच्या सेडानची औषधं तिला कशाला पाजताय? ड्रायव्हर धरून ६३० किलो. गुरुत्वमध्य ४० सेंटीमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांत १.३ मीटर अंतर धरलं, तर १ जीच्या (गाडीच्या वजनाएवढा जोर बाजूला ओढेल अशा) वळणात सुमारे १९४ किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. स्प्रिंग कडक असो नाहीतर मऊ, आकडा जवळपास तोच. बारने ठरतं ते एवढंच, की त्यातलं किती पुढच्या जोडीने उचलायचं आणि किती मागच्या. आणि टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच भरते. म्हणून पुढचा बार जाड केला की पुढचा बाहेरचा टायर आधी हात टेकतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. दोन्हीकडे जाड केलात तर कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर) चाकं उड्या मारतील. हवेतल्या चाकाला कसली ग्रिप?

आधी टायरचं प्रेशर, मग कॅम्बर (चाक उभ्यात किती आतबाहेर झुकलंय) आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत), मग चारही चाकांवरचं वजन. खरेदी त्यानंतर.

जुना_गिअर:
तो ‘एक सदस्य’ म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का?

माझ्या गाडीला पुढचा जाड बार लावला आणि अंडरस्टिअर (वळायचं सोडून सरळ निघणं) कमी झाला. वाढला नाही, कमी झाला. तुमच्या पुस्तकात उलटं लिहिलं असेल, पण माझ्या टायरला वाचता येत नाही.

तिरकी_चाल:
तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे ना, म्हणजे चाक वरून एकाच शॉक-अब्सॉर्बरच्या खांबाने धरलेलं? बॉडी कलली की स्ट्रटवाल्या चाकाचा कॅम्बर बिघडतो आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. बारने कलणं रोखलं, टायर पुन्हा सपाट टेकला, आणि त्याचा फायदा भार वाढल्याच्या तोट्यापेक्षा मोठा ठरला. तुमचा बार चालला, मान्य. का चालला हे तुम्हाला माहीत नव्हतं, हेही मान्य करा.

१९८९ची पहिली एमएक्स-५ घ्या, १९९६ची एलिस घ्या, दोन्हींना डबल विशबोन, म्हणजे चाक वर-खाली दोन बाहूंनी धरलेलं; गाडी कलली तरी टायर बराच सपाट राहतो. तिथे तुमच्या बारचं गणित लागू नाही. नवख्याकडे कुठली गाडी आहे, एवढं तरी विचारलंत का?

अर्धा_क्लच:
रुंद टायरवर माझा अनुभव. हौसेने लावले, फोटो झकास आले. पण थंड सकाळी तीन लॅप झाल्या तरी टायर गारच. हलकी गाडी एवढ्या रबराला तापवणार कशी? चौथ्या लॅपला मागचा भाग मला ओव्हरटेक करून गवतात गेला, पाठोपाठ मीही.

शिवाय एका चाकावर १५० किलो आणि आत हवेचा दाब २० पीएसआय असेल तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १०७ चौरस सेंटीमीटर. टायर रुंद केला तरी तेवढाच, फक्त आकार आडवा होतो. आता जुन्याच मापाचे सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे टायर) वापरतो, गार असताना १८ पीएसआय, नायट्रोजन भरून. सुखी आहे.

कोरडी_हवा:
नायट्रोजन! वाटच बघत होतो.

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. १८ पीएसआयने निघालात आणि आतली हवा २० अंशांवरून ७०वर गेली की साडेतेवीस होणार. आत नायट्रोजन असो नाहीतर तुमचा उच्छ्वास.

अर्धा_क्लच:
उच्छ्वासात बाष्प असतं साहेब, मुद्दा तोच आहे. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते टायरात जातं, तापलं की वाफ होऊन प्रेशर कसंही चढतं. माझ्या चार टायरांचे चार वेगळे आकडे यायचे. नायट्रोजन भरला, थांबलं.

कोरडी_हवा:
म्हणजे कोरडी हवा भरली म्हणून थांबलं! माझं नावच वाचा. टाकीचा नळ उघडून पाणी काढा, फिल्टर लावा, झालं. उगाच सिलिंडरची आरती कशाला?

अर्धा_क्लच:
तुम्ही माझे टायर बघितलेत? नाही ना? मग ज्ञान आवरा.

कोरडी_हवा:
टायर नाही बघितले, दाब मोजायचं गेज मात्र ओळखतो. माझ्याकडच्या दोन गेजमध्ये २ पीएसआयचा फरक निघाला होता. वर्षभर मी सस्पेन्शनला शिव्या घालत होतो. तुम्ही नायट्रोजन भरला त्याच दिवशी गेज बदललं होतं का? खरं सांगा.

अर्धा_क्लच:
...बदललं होतं. तरीही नायट्रोजनच भरणार.

ग्रीसभक्त:
अवांतर थांबवा. चाकांवरच्या वजनाबद्दल कोणी बोलतच नाही. एका ‘तज्ज्ञा’ने माझी गाडी रिकामी ठेवून चारही चाकांखालचे वजनकाटे जुळवले, तेही बार जोडलेला ठेवून. छापील कागद दिला, सगळं कसं ५०-५०. अरे, ८० किलोचा मी आत बसलो की एकूण वजनाचा आठवा हिस्सा एकाच बाजूला! डावीकडे वळताना गाडी गरीब गाय, उजवीकडे वळताना पुढचं आतलं चाक ब्रेकखाली लॉक. सीटवर स्वतःच्या वजनाची पोती ठेवा, बार सुटा करा, मग स्प्रिंगची उंची बदलणाऱ्या रिंगा फिरवा. दोन वर्षं वाया गेली माझी.

जुना_गिअर:
तिरकी_चाल यांच्या समाधानासाठी रविवारी सुईचा पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र) टायरात खुपसला. पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा १५ अंशांनी गरम. कॅम्बर उणे दीड अंशावरून उणे अडीच अंशांवर नेला, म्हणजे चाकाचा माथा आणखी आत झुकवला. लॅप अर्ध्या सेकंदाने सुधारली. घ्या, वाजवा टाळ्या.

बार काढणार नाही.

तिरकी_चाल:
काढा म्हटलं कोणी? स्ट्रटवाली गाडी आहे तुमची.

पहिलीच_लॅप:
नमस्कार, तो नवखा मी. गाडीला डबल विशबोन आहे. रुंद टायर, त्याबरोबर रुंद रिम, काल बसवून घेतले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की रिम आतून विशबोनला घासतेय. काय करू?

जुना_गिअर:
स्पेसर टाक, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती.

तिरकी_चाल:
हात जोडतो, टाकू नकोस. जुने टायर विकले नाहीस ना?