इम्प्लांटनंतर आवाज रोबोटसारखा का येतो

वर एकांनी लिहिलंय की वडिलांचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्यांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं, विजेच्या संकेतांनी ऐकवणारं यंत्र) नुकतंच चालू झालंय, सगळ्यांचे आवाज त्यांना रोबोटसारखे येतात, म्हणून ते प्रोसेसर (यंत्राचा बाहेरून लावायचा, आवाज टिपणारा भाग) काढूनच ठेवतात. कृपया त्यांना समजवा, तो काढू देऊ नका. सुरुवातीला बहुतेकांना असंच ऐकू येतं. निरोगी कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या आंतरकेशपेशी साधारण ३,५०० असतात. त्यांचं काम इम्प्लांटमध्ये १२ ते २२ इलेक्ट्रोड (विजेचे संकेत देणारी छोटी टोकं) करतात. एवढ्या तुटपुंज्या संकेतांतून बोलणं ओळखायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं आणि ते दिवसभर प्रोसेसर लावूनच जमतं. मॅपिंगसाठी, म्हणजे हे संकेत त्यांच्या ऐकण्याप्रमाणे जुळवून घ्यायला, ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) पुन्हा पुन्हा जावं लागेल, कंटाळू नका.

मीही इम्प्लांट वापरते, म्हणून घरच्यांना कळकळीने सांगते. समोर येऊन बोला, ओरडू नका. टीव्ही चालू असताना किंवा दोघं एकदम बोलत असताना आम्हाला शब्द सुटे करता येत नाहीत. "काय म्हणालात?" असं विचारल्यावर "काही नाही, जाऊ दे" हे उत्तर फार लागतं हो! तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगा. संध्याकाळी ते गप्प बसले तर रुसले असं समजू नका, दिवसभर कान देऊन ऐकणं खरंच दमवतं.

गाण्यांची घाई मात्र नको, सूर ओळखणं बोलणं समजण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. आणि कधी एमआरआय सांगितला तर आत चुंबक असल्याचं आधीच कळवा, इम्प्लांटचं कार्ड त्यांच्या पाकिटात कायम असू द्या.