पहाटे साडेचारला गच्चीवरून गेले ते कोण?

गिरणाकाठची (जळगाव)
नमस्कार मंडळी. काल आमच्याकडे कुरडया होत्या. मार्च लागला की आपल्याकडे दहानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून साडेचारलाच वर चूल पेटवली. मी चीक घोटतेय, सगळीकडे काळोख, आणि डोक्यावरून आवाज आला. 'आंग, आंग' असा, घोगरा, नाकातून काढल्यासारखा. एकाचा नाही, दहा-पंधरा जणांचा तरी. मेहरूणच्या बाजूने आला आणि तापीकडे, म्हणजे उत्तरेला, विरत गेला. मान वर करून पाहिलं तर चांदण्यांशिवाय काही नाही.

आमचे हे म्हणाले, "टिटवी आहे, तू चिकाकडे बघ." सासूबाई (माहेर रावेरकडचं) अंथरुणातूनच म्हणाल्या, "हंस चालले मानसला."

कोणाचं खरं? दुसरं म्हणजे, मेहरूण तलावावर संक्रांतीला वारकरी बदकांनी पाणी काळं दिसत होतं. परवा फिरायला गेले तर मोजून अकरा. ऊन लवकर वाढलं म्हणून लवकर निघाले का?

दुर्बीणवाला
रातबगळा असेल. रात्री 'वाक्' करत जातो.

रात्रपाळी (भुसावळ)
रातबगळा एकदा ओरडतो, मग बराच वेळ गप्प. टिटवी घिरट्या घालते, तिचा आवाज फिरून परत येतो. ताईंनी सांगितलाय तो एका रेषेत पुढे गेला आणि त्यात बरेच आवाज मिसळलेले होते. माझं मत पट्टकदंब. राखी रंगाचा हंस, डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या. ड्यूटीवरून पहाटे घरी येताना मी हा आवाज दोन-तीनदा ऐकलाय. न पाहता शंभर टक्के कोणी सांगू नये, पण पैज लावायची तर यावर लावीन.

सासूबाईंना नमस्कार सांगा. हे पक्षी लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांकाठी अंडी घालतात, आणि मानसरोवर त्याच पठारावर आहे. हिमालय ओलांडताना ते बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे उडतात. थंड हवा दाट असते, पंखांना जोर कमी लागतो. यंत्रं बसवून माग काढला तेव्हा सात हजार मीटरच्या वरही ते सापडलेत. तुमच्या डोक्यावरून गेलेले बहुधा जायकवाडीकडून आले असतील.

उन्हाचं म्हणाल तर परतीचं मुख्य कारण ते नाही. दिवस लांबू लागला की पक्ष्यांच्या शरीरातच फरक पडतो: भूक वाढते, चरबी चढते, रंग खुलतो. फेब्रुवारीच्या शेवटी हतनूर धरणावर भुवई बदकाचा नर बघा. डिसेंबरात मादीसारखा मळकट असतो, आता डोळ्यावरून पांढरी भुवई अशी उठून दिसते की जणू कुणी चुन्याचं बोट ओढलंय. वारकऱ्यांचं वेगळं. त्यातले काही इथलेच, ते पाणी बघून तलाव बदलतात. मेहरूणवर कमी म्हणजे सगळे देशाबाहेर गेले असं नाही.

केळीवाला (सावदा)
ताई, माझा पुरावा घ्या. हतनूरच्या फुगवट्याला लागून आमचा गहू आहे. हे तुमचे हंस रात्री येऊन कोवळा गहू कातरतात. फोटो काढणारे म्हणतात किती सुंदर, आणि डिसेंबरभर डबा वाजवत बांधावर मी. सकाळी बांधावर हिरवट लेंड्यांचा सडा, बोटाएवढ्या लांब. तर मंगळवारपर्यंत लेंड्या ताज्या होत्या. बुधवारपासून वाळलेल्याच. म्हणजे आमचेही गेले. खरं सांगू, काल पहाटे सवयीने उठून बांधावर गेलो, डबा हातात, आणि वाजवायला कोणी नाही.

भोरड्या (गुलाबी मैना) मात्र आहेत अजून. दादर (रब्बी ज्वारी) कापून झाली तरी हलल्या नाहीत. पळसावर आणि काटेसावरीवर नुसता कलकलाट. त्या एप्रिलपर्यंत जात नाहीत.

रात्रपाळी (भुसावळ)
@केळीवाला, ही 'बुधवारपासून नाही' नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाका ना भो. पक्षी दिसला की सगळे टाकतात, गेला कधी ते कोणी लिहीत नाही.

केळीवाला (सावदा)
लेंड्यांची नोंद घेतात का तिथे?

रात्रपाळी (भुसावळ)
शेरा म्हणून लिहा. आणि शेवटचे प्रत्यक्ष पाहिले त्या दिवसाची यादी आकड्यासकट.

गिरणाकाठची (जळगाव)
सर्वांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं का?" हे गप्प आहेत.

@केळीवाला, रविवारी भोरड्या बघायला येतो, सासूबाईंसकट. कुरडया आणते. थोड्या लालसर झाल्यात, वर बघत बसले तेवढ्यात चीक खाली लागला.