गव्हाचं अनुदान: पेरणाऱ्याला की सातबाऱ्याला?

टेकडीवाला
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली व्हिटमन काउंटी म्हणजे गव्हाचं आगर. पुलमन सोडलं की कोलफॅक्सपर्यंत टेकड्या आणि त्यांवर गहू. इथल्या शेतकऱ्यांना सरकार ज्या पद्धतीने पैसे देतं, ती मला साफ चुकीची वाटते.

'पीएलसी' (भाव पडला तर भरपाई) योजनेत गव्हाचा संदर्भ भाव कायद्यानेच ठरलेला आहे. तो बुशेलला (साधारण २७ किलो) ५.५० डॉलर होता, २०२५ च्या कायद्याने ६.३५ केला. देशातला सरासरी भाव त्याखाली गेला की फरक सरकार भरतं. इथवर ठीक. पण हा फरक यंदा पिकवलेल्या गव्हावर नाही, जमिनीवर पूर्वी नोंदलेल्या 'बेस एकरां'च्या ८५ टक्क्यांवर मिळतो. रानात यंदा काबुली चणा असला तरी पैसे गव्हाचे! २०१६ च्या पिकाला सरासरी ३.८९ भाव होता, म्हणजे फरक १.६१. हजार एकर बेस आणि एकरी ६० बुशेल उतारा धरा, कपाती सोडून ८२ हजार डॉलर होतात. शंभर एकरवाल्याला आठ हजार. गरज कोणाला जास्त?

कर्जफाईल
मी याच भागात शेतीकर्जाच्या फायली बघते. शंभर एकरवाला इथे गव्हावर जगत नाही, नोकरीवर जगतो. हजार एकर म्हणजे जमीनदारी नव्हे, एका घराची शेती. उतारावर कलंडू नये म्हणून आपोआप समतल राहणारं कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) लागतं, त्याचे हप्ते चुकत नाहीत. गहू स्नेक आणि कोलंबिया नदीतून बार्जने (सपाट मालवाहू नावेने) पोर्टलंडकडे आणि पुढे जपान, फिलिपिन्सला जातो. भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. आणि २०१६ च्या पिकाचे पैसे ऑक्टोबर २०१७ मध्ये आले, तोवर खत-डिझेल उधारीवर.

पेऱ्यावर पैसे दिलेत तर सगळे गहूच पेरतील आणि भाव आणखी पडेल. बेस एकर आहेत म्हणून तर माणूस चण्याकडे वळू शकतो. त्यातही २०१९ मध्ये भारताने अमेरिकी चणा-मसुरीवर जादा शुल्क लावलं, ते २०२३ पर्यंत होतं.

कोरडवाहू
मराठवाड्यातून लिहितोय. हे तर भावांतरच झालं, म्हणजे हमीभाव आणि बाजारभावातला फरक सरकारने द्यायचा! मध्य प्रदेशात २०१७ ला ते आणलं तेव्हा व्यापाऱ्यांनीच भाव पाडले अशी ओरड झाली. आमच्याकडे हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही. आणि हीच अमेरिका २०१८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत म्हणाली, भारत गहू-तांदळाला मर्यादेबाहेर आधार देतो. तिथल्या शेतकऱ्याला मिळतंय ते मिळू दे, माझी हरकत नाही. मग आमच्या हमीभावावर बोट कशाला?

टेकडीवाला
@कोरडवाहू, तुमचा राग रास्त आहे.
@कर्जफाईल, पीक बदलायची मोकळीक राहू द्या. माझा आक्षेप एका माणसाला वर्षाला किती पैसे मिळावेत, त्या मर्यादेवर आहे. माणशी १,२५,००० डॉलरची मर्यादा २०२५ मध्ये १,५५,००० झाली. भागीदारीत प्रत्येकाची मर्यादा वेगळी. २०१८ च्या कायद्याने तर चुलत-मामे भावंडं, भाचे-पुतणेही कुटुंबात धरले, म्हणजे त्यांच्या नावानेही वेगळी मर्यादा मिळू शकते. बेस असलेल्या जमिनीचं भाडं त्यामुळे चढतं आणि नव्याने शेतीत येऊ पाहणारा तरुण बाहेरच राहतो. पीक विम्याच्या हप्त्यावरच्या सवलतीला तर मर्यादाच नाही!

कर्जफाईल
भाचे-पुतण्यांची वाट बंद करा, मी तुमच्या बाजूने आहे. कागदावरचे भागीदार मलाही खटकतात. पण विम्याला हात लावू नका. २०२१ ला पाऊस नव्हता, वर उष्णतेची लाट. इथल्या मऊ पांढऱ्या गव्हात प्रथिनं वाढली, केक-बिस्किटवाल्यांना तो नको होता. देशातला भाव मात्र ७.६३ वर, म्हणून पीएलसीचा एक डॉलर आला नाही. माझ्यासमोरच्या कित्येक फायली त्या वर्षी फक्त विम्यावर तरल्या. मर्यादा पीएलसीला लावा, हवी तेवढी कडक लावा.