‘गेलो’ की ‘गेले’

अनुवादाबद्दल कुणीतरी लिहिलंय की, ज्या निवेदकाचं लिंग इंग्रजी मूळ पुस्तकात शेवटपर्यंत उघड होत नाही, तो मराठीत आणताच येत नाही; ‘गेलो’ किंवा ‘गेले’ निवडावंच लागतं. मला हे पटत नाही. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मला रडू आलं’, ‘मी उद्या जाईन’ यांत बोलणारा पुरुष की बाई, काहीच कळत नाही. अडतं ते ‘मी आलो’, ‘मी बसले’ इथे. पानंच्या पानं अशी सांभाळणं कष्टाचं आहे, पण अशक्य नाही.

आणि आमच्या सांगली भागात तर कितीतरी बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. माझी आजी जन्मभर तसंच बोलली. शाळेत ते ‘अशुद्ध’ म्हणून सुधारलं जायचं, याचं मला आजही वाईट वाटतं. अनुवादकाने ही बोली का वापरू नये?

खरी अडचण मला शब्दांच्या निवडीत दिसते. मूळ लेखकाने मायेने रंगवलेल्या नाजूक चालीच्या मुलाला मराठीत पटकन ‘बायल्या’ केलं जातं. ती शिवी मूळ पुस्तकाची नसते, आपली असते. आणि यात आपण दुटप्पीही आहोत: १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या. रंगमंचावरच्या लुगड्याला आपण दाद दिली. तेच लुगडं नेसून जोगता, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेला पुरुष, दारात आला की पोरं हसतात, मोठी माणसं त्यांना गप्प करत नाहीत. अनुवाद करताना हे हसू नकळत वाक्यात उतरतं, म्हणून पहिला खर्डा मी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते.